खताचे पैसे खत करणाऱ्याच्या हातात द्या
नाशिकमधल्या गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंटच्या कार्यकारिणींना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्यातले बरेच जण सध्या विषयपत्रिकेच्या गडबडीत असतील. लिफ्टची दुरुस्ती, टाकीची गळती, पार्किंग, थकबाकीदार हे विषय दरवर्षीचेच. यंदा त्यात एक नवा विषय घ्या, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. आपल्या आवारात ओल्या कचऱ्याचं जे खत होतं, त्यातलं बागेला पुरून उरलेलं विकायचं आणि त्याचे पैसे ते खत करणाऱ्या माणसाला द्यायचे.

मी इंदिरानगरला राहते. गच्चीवर दोन ड्रम आणि एक विटांचा छोटा हौद आहे. आमच्या घरचा आणि शेजारच्या दोन-तीन घरांचा ओला कचरा त्यात जातो. कुंड्यांना लागेल तेवढं ठेवून बाकीचं खत मी पाच किलोच्या पिशव्या भरून विकते, दीडशे रुपयांना एक. त्यातून घर चालत नाही, पण फोनचं रिचार्ज आणि हंगामाची रोपं, बियाणं यांचा खर्च निघतो. मुख्य म्हणजे ते पैसे माझे असतात. पैसे यायला लागल्यापासून घरातल्यांचं या कामाकडे बघणंही बदललं. पावसाची सर आली की ताडपत्री ओढायला मुलगा आता स्वतःहून गच्चीवर पळतो.

ज्या माणसाला हा अनुभव सगळ्यात आधी यायला हवा, त्याच्यापर्यंत तो आपण पोचू देत नाही. खताच्या निमित्ताने माझं गोविंदनगर, कॉलेज रोड, नाशिकरोड, पंचवटी असं बऱ्याच इमारतींत जाणं होतं. चित्र साधारण सारखंच दिसतं. कंपाउंडच्या कोपऱ्यात दोन हौद असतात. सकाळी झाडलोट आटोपली की मावशी घराघरातून आलेला ओला कचरा त्यात टाकतात, वर पाला पसरतात, आठवड्याने फावड्याने ढीग उलटतात. दोन-तीन महिन्यांनी खत तयार झालं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: खत तयार आहे, हवं त्यांनी पिशवी घेऊन खाली यावं. चार-पाच जण येतात, फुकट म्हणून गरजेपेक्षा जास्त नेतात. उरलेली पोती जिन्याखाली पडून राहतात. ज्या मावशींनी ते केलं त्यांना कोणी चहासुद्धा विचारत नाही.

यात कोणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. आपण खताकडे कचऱ्याची विल्हेवाट म्हणून बघतो, माल म्हणून बघत नाही, एवढंच त्यामागे आहे. पण नर्सरीत तेच खत पिशवीत भरून ठेवलेलं असतं तेव्हा आपणच पाकीट काढतो ना?

थोडा हिशेब मांडते. चाळीस घरांची इमारत धरा. घरटी रोज पाऊण किलो ओला कचरा धरला तर दिवसाला तीस किलो, महिन्याला नऊशे किलो. कुजून, पाणी उडून त्याचा साधारण चौथा हिस्सा उरतो, म्हणजे सव्वादोनशे किलो. चाळल्यावर हाताशी येईल पावणेदोनशे किलोच्या आसपास. इमारतीच्या बागेला पन्नास-साठ किलो ठेवा. उरलं सव्वाशेच्या आत-बाहेर. घरातल्या पिशवीसारखा दर या मालाला धरू नका, किलोला पंचवीस रुपयेच धरा. महिन्याला तीन हजार होतात. भुसा, कल्चर (कचरा लवकर कुजवणारं विरजण), पिशव्या यांचे सहाशे वजा केले तरी चोवीसशे उरतात. चाळीस घरांत वाटले तर घरटी साठ रुपये. मेंटेनन्समध्ये ते कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण हेच चोवीसशे, निदान त्यातले सोळाशे, मावशींच्या हातात दर महिन्याला पडले तर त्यांच्या घरात काय फरक पडतो हे तुम्हाला सांगायला नको.

सभेत यावर हरकती येतील. पहिली हरकत ठरलेली असते: त्यांना पगार देतो की आपण. पगार जिने, पार्किंग आणि आवार झाडण्याचा ठरलेला असतो. ढीग उलटणं, ओलावा राखणं, चाळणं हे काम नंतर वाढलं, आणि बहुतेक ठिकाणी पगार त्याच्याबरोबर वाढला नाही. दुसरी हरकत: कचरा सभासदांचा, म्हणून खतही सभासदांचं. कचरा आपला होता तेव्हा तो घराबाहेर काढायची आपल्याला घाई होती. त्याचं खत झालं ते दुसऱ्याच्या मेहनतीने. मला विचाराल तर मालकीचा वाद घालत बसू नका, वाटणी ठरवा: आधी खर्च वजा, मग दोन हिस्से काम करणाऱ्याला, एक हिस्सा बागेच्या खात्याला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. कचऱ्यात हात घालायचं काम आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आलं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. घाण उपसण्याचं काम त्यांच्याकडे आणि त्यातून काही मोलाचं निघालं की ते सगळ्यांचं, ही वाटणी आपल्या गेटच्या आत तरी आपण मोडू शकतो. हातमोजे, गमबूट, चाळताना तोंडाला मास्क आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, हे तर खताच्या कमाईतून न कापता सोसायटीने द्यायलाच हवं. कोरडं खत चाळताना बारीक धूळ आणि बुरशी उडते. ती रोज छातीत जाणं चांगलं नाही.

आता मालाबद्दल, कारण विकायचं म्हटलं की जबाबदारी येते. सध्या बऱ्याच ठिकाणी जे खत म्हणून वाटलं जातं ते कच्चं असतं. रंग काळसर झाला की ते झालं असं मानतात. कच्चं खत कुंडीत घातलं की ते तिथे पुन्हा कुजायला लागतं, मातीतला नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं, मुळांजवळ गरम होतं आणि रोप पिवळं पडतं. ज्याचा गुलाब असा गेला तो पुन्हा तुमच्याकडे येत नाही, शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

ढीग किमान मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच असला तर आतली उष्णता टिकते. मध्यभागी ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस सलग राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. उलटताना बाहेरचा भाग आत गेला पाहिजे, नाहीतर कडेचा माल तसाच थंड राहतो. मावशींकडे थर्मामीटर नसतो, नसला तरी चालतं. लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी काढायची. हात लावून धरवत नसेल तर ढीग तापलाय. थंडीत सकाळी उलटताना वाफ निघते, ती बघायला एकदा खाली या. घरच्या छोट्या ड्रमात एवढी उष्णता येत नाही. म्हणून घरी करणाऱ्यांनी खत जास्त दिवस मुरू द्यावं, आणि डायपर, कुत्र्या-मांजराची विष्ठा, रोगट झाड त्यात कधीच टाकू नये. सोसायटीच्या हौदातही नकोच.

ओल्याबरोबर कोरडं हवंच. एक बादली भाजीच्या सालींना दोन बादल्या वाळका पाला, हा माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. नाशिकला पानगळ जानेवारीपासून सुरू होते, एप्रिलपर्यंत कडुनिंब आणि बाकीची झाडं आवारात खच पाडतात. तेव्हा आपण तो पाला झाडून पेटवून देतो आणि जुलैत, सगळं चिंब असताना, हौदाला वास येतो म्हणून तक्रार करतो. उन्हाळ्यातला पाला पोत्यांत दाबून कोरड्या जागी ठेवला तर पावसाळाभर पुरतो. ही पोती ठेवायला जागा देणं कार्यकारिणीच्याच हातात आहे. पार्किंगमधला एक कोपरा पुरे.

खत तयार झालं का हे बघायला मी दोन गोष्टी करते. मूठभर खत ओलसर करून घट्ट बांधलेल्या पिशवीत तीन-चार दिवस ठेवते. उघडल्यावर पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला तर ठीक, आंबूस किंवा अमोनियासारखा नाकात गेला तर परत ढिगात. आणि थोड्या खतात मेथी पेरते. मेथी नीट उगवली, कोंबाची टोकं जळली नाहीत, तर पिशव्या भरायला घेते.

मग चाळणी. चार मिलिमीटरची जाळी लाकडी चौकटीला ठोकून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चाळणीवर काय उरतं ते सदस्यांनी स्वतः बघावं अशी माझी फार इच्छा आहे. आंब्याच्या कोयी, नारळाची करवंटी, शहाळ्याचे धागे, शेवग्याचा चोथा हे सगळं परत ढिगात जातं. त्यांच्यामध्ये कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचा स्टिकर, चहाच्या पिशवीची पिन, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला तो छोटा तिरका कोपरा. तो हाताने एकेक वेचावा लागतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या, एवढं जरी चाळीस घरांनी केलं तरी मावशींचा चाळायचा वेळ कितीतरी वाचेल. लोणचं, पापड, खारवलेलं आणि उरलेल्या आमट्या थेट हौदात ओतू नका. खतात मीठ वाढलं की कुंडीतल्या झाडाच्या पानांच्या कडा करपतात.

कायद्याचंही बघून घ्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. त्यामुळे अनेक ठिकाणी हौद आले. पण खत विकणं हा वेगळा विषय आहे. १९८५ चा खत नियंत्रण आदेश २००६ पासून सेंद्रिय खतांनाही लागू झाला. त्यात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी निकष आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १२ टक्के, नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी किमान ०.४ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, वाईट वास नको, आणि शिसं, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा. महापालिका आणि नगरपालिका या निकषांत बसणारं खत राज्य सरकारच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकू शकतात. सोसायटीच्या दोन हौदांना ते नाव नाही, आणि त्याच्या आसपासचं काही छापूही नये. पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे टाकू नका, ‘प्रमाणित’ लिहू नका. चाळल्याची तारीख, कशापासून केलं, तीन-चार भाग मातीला एक भाग खत मिसळा आणि इमारतीचं नाव, एवढं पुरे. शेजारच्या कुंडीवाल्यांना विकण्याच्या पुढे जाऊन दुकानात ठेवायचं, ब्रँड काढायचा असं मनात आलं तर आधी कृषी विभागाकडे जाऊन अधिकारपत्राचं विचारा. आणि विक्री सुरू करण्याआधी एकदा तरी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. खर्च बागेच्या खात्यातून करा. अहवाल नोटीस बोर्डावर लावला की गिऱ्हाइकाला वेगळं काही पटवावं लागत नाही.

गिऱ्हाईक कुठून आणायचं, असं मला बरेच जण विचारतात. नाशिक जिल्ह्यात एवढी द्राक्षं, त्यामुळे बागायतदारांना विकू असं पहिल्यांदा सुचतं. तो नाद सोडा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्यांना ट्रॉल्यांनी शेणखत लागतं. आपल्या शे-दीडशे किलोचं त्यांना काही होत नाही, आणि शहरातल्या खतात काचेचा तुकडा असेल ही त्यांची भीती अगदी रास्त आहे. गंगापूर रोड, मखमलाबादकडच्या नर्सऱ्या घेतात, पण त्यांना दर महिन्याला ठरल्या वजनाचा कोरडा माल लागतो आणि भाव निम्म्यावर येतो. माल साठून राहिला तरच तिकडे जावं. खरं गिऱ्हाईक आपल्याच गल्लीत आहे. बाल्कनीत तुळस, मोगरा, गवती चहा, टोमॅटो लावणारी माणसं प्रत्येक मजल्यावर आहेत. त्यांना पन्नास किलोचं पोतं नको असतं, दोन किंवा पाच किलोची स्वच्छ पिशवी हवी असते आणि ती घराजवळ मिळाली तर दराची घासाघीस करत नाहीत. जूनमध्ये पाऊस सुरू होताना आणि गणपतीनंतर शेवंती, झेंडू, हिवाळी फुलं लावायच्या वेळी मागणी चांगली असते. फेब्रुवारीत महापालिकेच्या पुष्पोत्सवात फुलं बघून आलेली माणसंही घरी आल्यावर खत शोधतात. मे महिन्यात मात्र विक्री मंदावते आणि खत पटापट तयार होतं. तेव्हाचा माल गोणपाटात भरून सावलीत ठेवायचा, पार सुकू द्यायचा नाही.

इमारतीत घरच्या घरी खत करणारेही असतात, बहुतेक बायका आणि निवृत्त मंडळी. त्यांच्यावतीने सांगते. गॅलरीत ड्रम ठेवला म्हणून नोटीस काढण्याआधी एकदा झाकण उघडून वास घ्या. नीट केलेल्या ड्रमाला वास येत नाही, येत असेल तर ड्रम ठेवणाऱ्यांना मावशींकडून दोन पोती पाला द्या, आठवड्यात थांबेल. आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गेटजवळ एक टेबल लावू द्या. एका बाजूला इमारतीचं खत, दुसऱ्या बाजूला घरचं. बाहेरच्यांनाही येऊ द्या. घंटागाडीतून पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जाणारा कचरा तेवढाच कमी होईल, आणि चार घरांत चार पैसे येतील.

पैशांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. वही ठेवा: किती किलो चाळलं, किती बागेला, किती विकलं, किती आले. मावशींना त्यातला त्यांचा हिस्सा महिन्याच्या महिन्याला द्या. दिवाळीला एकदम देऊ असं म्हणू नका, कारण मग त्याचा बोनस होतो आणि हक्क राहत नाही. आउटसोर्स केलेल्या एजन्सीची माणसं असतील तर हिस्सा एजन्सीच्या बिलात घालू नका, सरळ त्या व्यक्तीला द्या आणि वहीत सही घ्या.

ठराव असा मांडता येईल: “आवारातील ओल्या कचऱ्यापासून तयार होणाऱ्या खतातून इमारतीच्या बागेची गरज भागवून उरणारे खत चाळून, तपासणी करून विकण्यास ही सभा मंजुरी देत आहे. खर्च वजा जाता शिल्लक रकमेचे दोन तृतीयांश खत तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यास दरमहा देण्यात यावे, एक तृतीयांश बागेच्या खात्यात जमा करावे. सुरक्षा साहित्याचा खर्च संस्था करेल.” सूचक आणि अनुमोदक तुमच्यातूनच मिळतील. कर्मचारी म्हणजे कोण ते मात्र नावानिशी लिहा, पूर्ण नाव, इतिवृत्तातही. आणि त्या दिवशी मावशींना सभेला बोलवा, दाराशी उभं न ठेवता खुर्ची द्या, काम कसं चालतं ते त्यांनाच सांगू द्या.

पहिली चाळण कशी करायची, कच्चा-पक्का माल कसा ओळखायचा हे बघायचं असेल तर रविवारी सकाळी मी येऊ शकते. चाळणी माझी आणीन, पोती आणि सुतळी तेवढी तयार ठेवा.

आपली नम्र,
इंदिरानगरमधली एक रहिवासी